खऱ्या ठिपक्याच्या बाजूने





दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाची बातमी आपल्याकडे छापली जाते, तेव्हा सोबत ढगांचे पट्टे असलेला एक देखणा गोल असतो. तो चित्रकाराने कल्पनेने रंगवलेला असतो. दुर्बिणीला दिसलेला खरा ग्रह म्हणजे एक ठिपका. त्या ठिपक्याची बाजू मांडायला मी आज उभा आहे.

तो ठिपका टिपणेही सोपे नसते. पहिला अडथळा तेजातल्या फरकाचा: दृश्य प्रकाशात गुरूचे तेज सूर्याच्या सुमारे एक अब्जांश असते. नुकते जन्मलेले, अजून तापलेले महाग्रह अवरक्त प्रकाशात तुलनेने उजळ दिसतात. म्हणूनच आजवर थेट टिपलेले बहुतेक ग्रह तरुण आणि गुरूपेक्षा जड आहेत. दुसरा अडथळा आपल्या वातावरणाचा. हवेच्या हलत्या थरांमुळे आठ मीटरच्या आरशालाही वीतभर आरशाइतकाच बारकावा दिसतो. आरसा मोठा केला की प्रकाश वाढतो, रेखीवपणा नाही.

यावरचा उपाय होरेस बॅबकॉक यांनी 1953मध्ये सुचवला: हवेने केलेली विकृती मोजायची आणि प्रकाशाच्या वाटेतल्या आरशाला तिच्या उलट आकार द्यायचा. तेवढे वेगवान संगणक तेव्हा नव्हते. आज चिलीतील पारानाल वेधशाळेच्या ‘स्फिअर’ उपकरणात लवचीक आरशामागचे 1377 दट्टे सेकंदाला हजाराहून अधिक वेळा त्याचा आकार बदलतात. मग करोनाग्राफ नावाचा भाग मधोमध असलेल्या ताऱ्याचा झगझगाट अडवतो. तरीही उरलेले प्रकाशाचे डाग गणिताने वजा करावे लागतात. एवढ्या चाळणीतून जो उरतो, तो ग्रह.

उरलेल्यावरही लगेच विश्वास ठेवायचा नसतो. बीटा पिक्टोरिस या ताऱ्याजवळचा ठिपका 2003च्या निरीक्षणांत होता. आन-मारी लाग्रांज यांच्या गटाने तो 2008मध्ये जाहीर केला. पण तो मागचा एखादा तारा तर नसेल? पुढच्या निरीक्षणांत ठिपका दिसेनासा झाला आणि 2009च्या अखेरीस ताऱ्याच्या दुसऱ्या बाजूला उगवला. मागचा तारा असा बाजू बदलत नाही. 2010मध्ये ग्रहावर शिक्कामोर्तब झाले. ‘ग्रह सापडला’ या दोन शब्दांच्या बातमीमागे हा सात वर्षांचा संशय असतो, आणि विज्ञान म्हणजे तोच.

पडताळणीच्या या कामात पुण्याचाही हात आहे. पुण्याची ‘आयुका’ ही खगोलविज्ञान संस्था आणि अमेरिकेतील कॅलटेक यांनी मिळून ‘रोबो-एओ’ ही लेझरवर आधारलेली स्वयंचलित यंत्रणा उभारली. कॅलिफोर्नियातील पालोमारच्या दीड मीटर दुर्बिणीवरून तिने ग्रह शोधणाऱ्या केपलर मोहिमेतील शेकडो ताऱ्यांची तपासणी केली. तिने ग्रहांची छायाचित्रे काढली नाहीत. ताऱ्याला चिकटून दुसरा तारा लपला आहे का, हे पाहिले. कारण तसा तारा असेल तर त्याचा प्रकाश मिसळून ग्रहाच्या आकाराचा हिशेब चुकतो. हे पडताळणीचे काम मराठी वाचकाला किती ठाऊक आहे?

शोधाला आपण मथळा देतो, उपकरणाला ओळही देत नाही. मग उपकरणे घडवण्याकडे आपली मुले वळावीत कशी? म्हणून लेखकांना आणि संपादकांना माझी विनंती आहे: कल्पनाचित्र छापाल तेव्हा ते कल्पनाचित्र आहे असे ठळक लिहा, शेजारी खरा ठिपका छापा आणि तो कसा मिळाला, हे सांगायला किमान एक परिच्छेद द्या.