चुलीचा धूर आणि सिलिंडरचा भाव



ऊर्जा स्वच्छ हवी की स्वस्त, असा प्रश्न हल्ली चर्चासत्रांतून मोठ्या गांभीर्याने विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या घरी बहुधा दोन्ही असतात. ज्या घरात चूल पेटते तेथे या वादाचा निकाल रोज लागतो : पैसे असतील तर गॅस, नसतील तर सरपण.

१ मे २०१६ रोजी बलिया येथे उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. गरीब कुटुंबातील स्त्रीच्या नावे, अनामत न घेता जोडणी, ही कल्पना चांगलीच होती. विरोधकांनीही ते मान्य करावयास हवे. धुराने फुप्फुसे निकामी होतात, हे सत्य कोणत्याही पक्षाचे नाही. आज दहा कोटींहून अधिक जोडण्या आहेत. तथापि २०१९-२० मध्ये उज्ज्वला ग्राहकाने वर्षाकाठी सरासरी तीनच सिलिंडर घेतले आणि २०२२-२३ मध्येही हा आकडा चारच्या आत राहिला. १४.२ किलोचा सिलिंडर चार-पाच माणसांच्या घराला दीड-दोन महिन्यांहून फारसा पुरत नाही. उरलेल्या महिन्यांत काय जळते, हे सांगावयास नको.

जोडणी हा एकदाचा खर्च, इंधन हा कायमचा. मे २०२२ मध्ये दिल्लीत सिलिंडरचा भाव हजार रुपयांपलीकडे गेला. त्याच महिन्यात २०० रुपयांचे अनुदान जाहीर झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ते ३०० झाले. परंतु ते मागाहून बँकेत जमा होते. पूर्ण किंमत आधी मोजावयाची असते आणि रोजंदारीवरील बाईपाशी एवढी रक्कम एकरकमी नसते. पाठ्यपुस्तकांत सरासरी उत्पन्न असते, कनवटीला असलेली रोकड नसते. सरपण ‘फुकट’ मिळते असे म्हणणारेही तिच्या श्रमाची किंमत शून्यच धरतात.

काही पर्यावरणवादी मित्र म्हणतात, गॅस हेही खनिज इंधनच, त्यावर अनुदान कशाला? शिवाय देशाला लागणाऱ्या या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आयात होतो. आक्षेप खोटा नाही. पण काटकसरीचा आरंभ मोटारींच्या ताफ्यांपासून न करता चुलीपासून का करावा, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

अनुदान विक्रीच्या वेळीच किमतीतून वजा व्हावे, ही मागणी पक्षाने लावून धरावी. कार्यकर्त्यांनी वस्तीत जोडणी आहे का एवढेच न विचारता शेवटचा सिलिंडर केव्हा आणला, हे विचारून टिपून ठेवावे. योजनेत पाच किलोचा लहान सिलिंडरही आहे. तो जवळच्या वितरकाकडे प्रत्यक्षात मिळतो का, तेही पाहावे.