मसाल्याचा डबा आणि सरकारी अर्ज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहावयाची मला सवय नाही. माझा जन्म चुलीपाशी गेला आणि अलीकडची वर्षे कांडप यंत्रापाशी. पण सरकारी मदतीचा तुमचा अनुभव सांगा, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला, म्हणून उभी आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

1959 साली गिरगावात सात भगिनींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटावयास घेतले आणि त्यातून लिज्जत उभी राहिली, हे आपण जाणतोच. पण उसने देणारा भला माणूस प्रत्येकीला भेटतो असे नाही. सरकारी मदत असते ती त्यासाठी. आपल्या राज्यात 1975 साली महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. 1978 पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली. 2019 साली मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम सुरू झाला. मला मात्र 2021 पर्यंत यातले काहीही ठाऊक नव्हते!

मी कांदा-लसूण मसाला करून विकत असे. संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची आणावी, डोक्यावर पाटी घेऊन दुसऱ्याच्या कांडपावर जावे, तिथे तिष्ठत बसावे. आपलेच यंत्र असावे असे फार वाटे. तेवढ्यात एक गृहस्थ भेटले. उद्योगाची नोंदणी करून देतो म्हणाले आणि अडीच हजार रुपये घेऊन गेले. पुढे कळले की उद्यम नोंदणीला सरकार एक पैसाही घेत नाही! आधार आणि पॅन असले की पुरते. भगिनींनो, ते अडीच हजार म्हणजे माझी दोन महिन्यांची शिल्लक होती. घरी सांगावयाचीही मला लाज वाटली.

पुढे तालुक्याला उद्योग खात्याचा मेळावा झाला, तिथे गेले. एका अधिकारीबाईंनी माझा हिशेब पाहिला आणि विचारले, “ताई, यात तुमची मजुरी कुठे धरली आहे?” मी गप्प! मिरची, खोबरे, तेल, पिशव्या सगळे धरले होते. स्वतःचे हात तेवढे फुकट धरले होते. माझ्या मते त्या दिवशी मला मिळालेली खरी मदत ती हीच.

अनुदानाविषयी आपला मोठा गैरसमज असतो, तो सांगते. मी अर्ज केला तेव्हाच्या नियमाप्रमाणे ग्रामीण भागातील स्त्रीला 35 टक्के अनुदान होते आणि स्वतःचे 5 टक्के घालावयाचे होते. माझा प्रकल्प 3 लाखांचा. म्हणजे माझे 15 हजार, अनुदान 1 लाख 5 हजार आणि बँकेचे कर्ज 1 लाख 80 हजार. पण ते अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत अडकून राहते. उद्योग चालू दिसला तरच आपल्या कर्जात वळते होते. लग्नकार्याला पैसे होतील म्हणून कुणी अर्ज करू नये. कर्ज ते कर्जच. नियम बदलतात, म्हणून चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रातच विचारावेत.

कागदांचा त्रास झाला, हे लपवीत नाही. बँकेतून तीनदा परत आले. एकदा यंत्राचे दरपत्रक नव्हते, एकदा प्रशिक्षणाचा दाखला नव्हता. जागेचे वीजबिल मामंजींच्या नावावर, म्हणून संमतीपत्र हवे होते. धाकटे दीर सही करू देईनात. घरावर बोजा चढेल अशी त्यांना भीती. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “तिने वीस वर्षे या घराला मसाला पुरवला, एक कागद आपण पुरवू.” आणि मामंजींनी सही केली. आज यंत्र आमच्या पडवीत आहे. हप्ता कधी कधी जड जातो, पण चुकलेला नाही. शेजारच्या दोघीजणी माझ्याकडे कामाला आहेत आणि त्यांची मजुरी मी आधी धरते.

सरकारला एक नम्र विनंती आहे. मेळावे सकाळी अकराला तालुक्याच्या सभागृहात होतात. त्या वेळी आपण पाण्यात, स्वयंपाकात असतो. एक मेळावा दुपारी तीनला आपल्या मंडळाच्या दिवाणखान्यात घ्यावा. सतरंज्या आपण घालू, चहा आपण करू.

आणि आपल्यालाही एक सांगणे आहे. दर शनिवारी दुपारी दोघींनी मंडळात बसावे आणि ज्या बहिणीला अर्ज भरावयाचा असेल तिला मदत करावी. पहिल्या शनिवारी मी बसेन. माझे अडीच हजार गेले ते गेले; आणखी कुणाचे जाऊ नयेत, एवढीच इच्छा आहे.