ट्रॉलीची पिन निसटली तर? सुरक्षा साखळी आणि ब्रेकची तार कशी जोडावी

(कार्यक्रमात वाचलेल्या भाषणाचा मजकूर)



गळिताचा हंगाम आला की तिसगावच्या चौकातून उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. कुणी आदिनाथनगरच्या वृद्धेश्वर कारखान्याला ऊस घालतो, कुणी कांद्याच्या गोण्या भरून नगरच्या बाजारात जातो. नगरकडे निघालं की मध्ये करंजीचा घाट. रस्ताही साधा नव्हे, कल्याण-विशाखापट्टणम् राष्ट्रीय महामार्ग. मागंपुढं एस.टी., मालट्रक, मोटरसायकली. अशा रस्त्यावर भरलेली ट्रॉली आपण ट्रॅक्टरला कशानं जोडतो? एका पिनेनं. ती पिन निसटली तर ट्रॉलीला धरणारं दुसरं काही आहे का, हा आजचा विषय आहे.

बैलाला गाडीला जुंपताना आपण मानेखालून जोतं बांधतो, पण तेवढ्यावर भागत नाही. कासरा असतोच. जोतं तुटलं तरी बैल हातचा जात नाही. सुरक्षा साखळी म्हणजे ट्रॉलीचा कासरा समजा. रोजचं ओढायचं काम तिचं नव्हे. पिनेनं दगा दिला, तर त्या एका क्षणासाठी ती असते.

पिन का निसटते?

पिन सहसा एकाएकी तुटत नाही. आधी खालची क्लिप हरवते. मग कुणी तिथं तार अडकवतो, कुणी सुतळी बांधतो. खड्ड्यात धक्का बसला की पिन वर उसळते आणि बाहेर पडते. दुसरं कारण झीज. पिन मध्यभागी बारीक होते, हुकाचं भोक लांबट होतं, आणि दोन्हींच्या मधल्या खेळामुळं प्रत्येक गचक्याला हातोडा बसल्यासारखा मार बसतो. तिसरं कारण बांधकामाच्या गजाचा तुकडा पिन म्हणून घालणं. चौथं कारण भार मागं टाकणं. दोन चाकी ट्रॉलीत माल मागच्या बाजूला जास्त झाला की पुढचा दांडा वर उचलतो आणि पिनेलाही वर ढकलतो. म्हणून भार थोडा पुढं ठेवावा.

सुटलेली ट्रॉली काय करते?

हिशेब सोपा आहे. उतार 20 फुटांना 1 फूट असला आणि ट्रॉली मालासकट 10 टनांची असली, तर ती सुमारे अर्ध्या टनाच्या जोरानं उताराकडं ओढली जाते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. मग तिला थांबवणार कोण? समोर झाड येईल, नाहीतर माणूस.

आणखी एक गोष्ट. पाथर्डी तालुक्यातली किती तरी कुटुंबं दरसाल ऊसतोडीला बाहेर जातात. संसाराची भांडी, शेळ्या, लहान लेकरं, सारं ट्रॉलीत. मालाची ट्रॉली माणसांसाठी नाही, कायदाही तेच सांगतो. माणसांना गाडीनं पाठवावं हे उत्तम. पण ट्रॉलीत लेकरू बसलेलं असताना तिच्या पिनेला सुतळी बांधलेली असणं, याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

साखळी कशी निवडावी?

नियम एकच ध्यानात ठेवा: साखळीची तुटण्याची ताकद भरलेल्या ट्रॉलीच्या एकूण वजनाहून कमी नसावी. एकूण म्हणजे माल अधिक ट्रॉली. विहिरीवरची किंवा जनावराची साखळी इथं चालत नाही. दुकानात 80 ग्रेडची पोलादी साखळी मागा, कडीवर तसा ठसा पाहा. या ग्रेडची 10 मिलिमीटरची साखळी साधारण साडेबारा टनांना तुटते, 13 मिलिमीटरची सुमारे 21 टनांना. कड्या-शॅकलही तेवढ्याच ताकदीचे हवेत. साखळीला वेल्डिंग करून जोड देऊ नये, तिथंच ती जाते.

दोन ट्रॉल्या जोडल्या तर ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली यांच्यामधल्या साखळीवर दोन्हींचा भार येतो. तिथं जाड साखळ्या घाला. दोन ट्रॉल्यांच्या मध्येही साखळी हवीच.

जोडायची कशी?

1. शक्यतो दोन साखळ्या घ्या आणि दांड्याखालून फुलीसारख्या तिरप्या घाला. पिन निसटली तर दांडा या फुलीवर अडतो, रस्त्यात रुतत नाही.

2. साखळीचं टोक ट्रॅक्टरच्या भक्कम, बोल्टनं आवळलेल्या सांगाड्याला जोडा. पिनेलाच अडकवू नका. पिनेसोबत साखळीही गेली तर उपयोग काय?

3. नांगर उचलायच्या हातांना किंवा वरच्या लिंकच्या जागी साखळी कधीही बांधू नका. इतक्या वरून ओढ बसली तर ट्रॅक्टरचं तोंड उचलून तो मागं उलटू शकतो.

4. सपाट जागेवर ट्रॅक्टर पूर्ण डावीकडं, मग पूर्ण उजवीकडं वळवून पाहा. साखळी ताणली जाऊ नये, आणि जमिनीपासून वीतभर वर राहावी. फार सैल साखळी घासून झिजते आणि ऐन वेळी जोराचा झटका खाते.

ब्रेक असलेली ट्रॉली

काही ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक असतात. त्यांतल्या काहींना ब्रेकच्या दांडीपासून ट्रॅक्टरपर्यंत एक बारीक तार दिलेली असते. ट्रॉली सुटली की ही तार ताणते, ब्रेकची दांडी ओढते, चाकं आवळते आणि मग स्वतः तुटते. म्हणजे तारेचं काम ट्रॉली धरायचं नाही, ब्रेक लावायचं आहे. ट्रॉली धरायला ती वापरू नका, आणि तिच्या जागी जाड दोरही घालू नका.

ही तारही पिनेला किंवा हुकाला नुसता वेढा घालून ठेवू नका, हुकाबरोबर घसरून जाईल. तिच्यासाठी ट्रॅक्टरवर वेगळी भक्कम कडी ठेवा आणि तिथं क्लिपनं अडकवा. वळणापुरती ढील द्या. धारदार पत्र्यावरून तार नेऊ नका. हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉली उभी करून दांडी हातानं ओढा आणि चाकं आवळतात का पाहा. पाहून झाल्यावर ब्रेक मोकळा करायला विसरू नका, नाहीतर चाकं तापतील.

चालकानं काय करावं?

ट्रॉली सुटल्यासारखं वाटलं तर घाबरून जोरात ब्रेक मारू नका. साखळीवर असलेली ट्रॉली मागून येऊन आदळेल. वेग हळूहळू कमी करा, कडेला घ्या, थांबल्यावर चाकांना दगड किंवा ठोकळे लावा, आणि मगच पिन घाला. मागून येणाऱ्यांना दिसावं म्हणून ट्रॉलीच्या मागं परावर्तक पट्ट्या लावलेल्या असाव्यात.

रोज निघताना पाच गोष्टी

पिन योग्य मापाची आहे का? क्लिप जागेवर आहे का? साखळी अडकवली आहे का? हुकाच्या वेल्डिंगला चीर नाही ना? भार पुढं-मागं नीट आहे ना? ट्रॅक्टर सुरू करण्याआधी एक चक्कर मारली की पाच मिनिटांत हे होतं. चालक दुसरा असला, तर मालकानं स्वतः एकदा खाली वाकून बघावं.

क्लिप आणि साखळी यांचा खर्च ट्रॉलीतल्या मालापुढं काहीच नाही. घाटाच्या अर्ध्यावर ती आठवून उपयोग नाही. आज संध्याकाळी ट्रॅक्टर दारात उभा असेल, तेव्हाच पिन काढा, डोळ्यांसमोर धरा आणि झिजली असेल तर उद्या सकाळी बदला.