बापलेकींची मोटरबोट

दाभोळच्या खाडींत माझे वडील चालवीत ती सागवानी मोटरबोट त्यांच्या पश्चात् बारा वर्षें आमच्या वाडींत मांडवाखालीं पडून होती. ती विकावी असें माझ्या मनांत होतें, पण चौदा वर्षांच्या कन्येनें हट्ट धरला, “बाबा, आजोबांची बोट आपणच नीट करूं.”

दोन उन्हाळे त्या कामीं गेले. रंग खरवडतांच तळाची एक फळी कुजलेली निघाली. ती गांवच्या वृद्ध सुताराच्या देखरेखीखालीं बदलली. सांध्यांत कापसाची वात ठोकून वर पुट्टी भरली. खाऱ्या पाण्यांत लोखंडी खिळे गंजतात व भोंवतालचें लाकूडहि नासवितात, म्हणून तांब्याचे मारले. इंजिन खोलतांना मुलीनें प्रत्येक भागास क्रमांक देऊन त्याची आकृति वहींत काढली. म्हणूनच तें पुन्हां जुळलें.

अखेर बोट पाण्यांत लोटली आणि घटकाभरांत तळाशीं घोटाभर पाणी झालें! मी खचलों, “ओढा बाहेर,” म्हणालों. मुलगी शांतपणें म्हणाली, “सुतारआजोबांनीं सांगितलेलें विसरलांत? लाकूड तहानलेलें आहे.” सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगतात व सांधे मिटतात, हें मीहि ऐकलें होतें. रात्रभर आम्ही आळीपाळीनें पाणी उपसलें. पहांटे गळती थांबली.

वडील या बोटीच्या कामास मला बोलावीत, तेव्हां मी अभ्यासाची सबब सांगत असें. मुलीनें बोलाविलें, तेव्हां सबब सुचली नाहीं, हें माझें भाग्य.