आकड्याकडे आपले येणे नसते

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सप्ताहात गच्चीवर केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



कमिटीने मला विषय दिला होता 'निवृत्तीनंतरची गुंतवणूक'. अडतीस वर्षे बँकेत काढलेला माणूस मुदत ठेवींवर बोलेल, अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. ती मी आज पुरी करत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. मी जुगारावर बोलणार आहे. कारण असे की गेल्या काही महिन्यांत आपल्याच बिल्डिंगमधली दोन मुले, वेगवेगळ्या दिवशी, माझ्याकडे कागद घेऊन आली. "आजोबा, रूलेटची ही सिस्टिम आहे. तुमचं गणित चांगलं आहे, जरा बघा ना." कोण ते विचारू नका, मी सांगणार नाही. पण तो कागद पाहून मला पन्नास वर्षांपूर्वीची माझी एक वही आठवली. ती गोष्ट मी आजवर घरातसुद्धा पुरती सांगितलेली नाही.

आधी हाउजी. परवा आपण सगळे खेळलो. समजा, 20 रुपयांची 100 तिकिटे खपली. 2000 जमले. त्यातले 1800 बक्षिसांत वाटले आणि 200 उत्सव फंडात गेले. कोणाची तक्रार नाही, कारण फंड आपलाच आहे. पण हा दहावा हिस्सा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

भायखळ्याला पैज नवी नाही. महालक्ष्मीला रेसकोर्स होण्यापूर्वी घोड्यांच्या शर्यती इथे भायखळ्यातच व्हायच्या. पण ती साहेबलोकांची हौस. आमच्या पिढीने चाळीत जो पाहिला तो मटका.

लहान मुलांना हे माहीत नसेल, म्हणून सांगतो. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातले उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव टेलिप्रिंटरवर मुंबईत यायचे आणि त्या भावांच्या आकड्यांवर लोक पैसे लावायचे. 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथले. 1961 साली ते भाव यायचे बंद झाले. लोकांची सवय काही बंद झाली नाही. मग 1962 साली कल्याणजी भगत यांनी आणि 1964 साली रतन खत्री यांनी आपापले आकडे काढायला सुरुवात केली. पत्त्यांच्या कॅटमधून तीन पाने काढायची आणि त्यांची बेरीज करायची. समजा 3, 6, 8 आली, बेरीज 17, शेवटचा आकडा 7. रात्री नऊच्या सुमारास हा ओपन. मध्यरात्री पुन्हा तीन पाने, तो क्लोज. दोन्ही मिळून जोडी. रात्रपाळीचे कामगार साच्यावर उभे असले तरी आकडा खात्यात पोचायचा. कसा पोचायचा ते देव जाणे, तेव्हा मोबाइल नव्हते.

आमच्या भागातला भाव असा होता: आकड्यावर रुपया लावा, लागला तर 9 मिळतील. जोडीला 90. आता हिशेब करा. आकडे दहा, म्हणजे दहा वेळात सरासरी एकदा लागणार. दहा रुपये लावून दहा परत यायला हवेत, येतात नऊ. जोड्या शंभर, परत येतात नव्वद. दोन्हीकडे दहावा हिस्सा गेला. आपल्या हाउजीएवढाच! सेक्रेटरी साहेब, रागावू नका. फरक इतकाच की तो फंड आपला नव्हता आणि तो वर्षातून एकदा नाही, रोज दोनदा कापला जायचा.

आता माझी गोष्ट. साल 1974. मी गणित घेऊन बी.एस्सी. झालेला, बँकेत लागून दोन वर्षे झालेली. घोडपदेवच्या चाळीत एका खोलीत आम्ही नऊ जण. त्यात माझे मामा-मामी. मामा साताऱ्याकडचे, एका गिरणीत साचेखात्यात, चौथीपर्यंत शिकलेले. रोज रुपया-दोन रुपये आकड्याला लावायचे. एक दिवस मला म्हणाले, "तू एवढा शिकलास, ह्यातलं काय कळतंय का?"

नाही म्हणायला हवे होते. पण चोवीस वर्षांचे वय, अंगात पदवी. मी लांब खातेवही आणली आणि सहा महिन्यांचे ओपन-क्लोज तारीखवार उतरवून काढले. लाल शाईच्या रेघा मारल्या. मग नियम काढला: जो आकडा सलग वीस खेळ आलेला नाही, तो धरायचा. आणि रक्कम अशी वाढवत न्यायची की तो कधीही लागला तरी आधीचे सगळे भरून निघून वर चार पैसे सुटावेत. पहिले आठ खेळ पाच-पाच रुपये, पुढचे चार खेळ दहा-दहा, मग तीन खेळ पंधरा-पंधरा, असे वरपर्यंत. कागदावर ते इतके सुरेख दिसत होते की काय सांगू!

तीन वेळा लागला. मामांनी चाळीत पेढे वाटले. "माझ्या भाच्याला आकडा कळतो," असे सगळ्यांना सांगत सुटले. चौथ्या वेळी आम्ही सात धरला. आठवड्याचे सहा दिवस, रोज दोन खेळ. पुरे दोन आठवडे, चोवीस खेळ, सात आला नाही. चोविसाव्या खेळाला 50 रुपये लावायची पाळी आली. एकूण गेले 415, म्हणजे मामांच्या एका पगारापेक्षा जास्त. शेवटच्या काही दिवसांचे पैसे मामींच्या दोन बांगड्या पेढीवर ठेवून आणले होते. पंचविसाव्या खेळाला लावायला काही उरले नाही.

दोन दिवसांनी क्लोजला सात आला.

मला वाटले, मामा आता मला फाडून खाणार. ते म्हणाले, "बघ, गणित बराबर हुतं तुझं. माझाच पैसा कमी पडला."

बांगड्या सुटल्या नाहीत. मामी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत, फक्त हळदीकुंकवाला जायचे बंद केले. मामा पुढे कर्ज काढून खेळत राहिले, कारण भाच्याचे गणित बरोबर होते ना! 1982 च्या संपात गिरणी सुटली, ते गावी गेले, तिथेच वारले. माझे गणित बरोबर नव्हते, हे मला एव्हाना चांगले कळले होते. त्यांना सांगायचे राहिले. राहिले कसले, लाज वाटली.

तेव्हा चूक काय होती, ते आज तुमच्यापुढे सांगतो.

आम्ही बँकेत खातेवहीचे पान भरले की खालची बाकी पुढच्या पानावर ओढायचो. मागचे येणे पुढे चालू राहते. मी तोच नियम आकड्याला लावला. सात इतके दिवस आला नाही, म्हणजे त्याचे येणे बाकी आहे, तो आता द्यायलाच हवा! पण पत्त्यांच्या कॅटला खातेवही नसते. पाने पिसली की कोरे पान. वीस खेळ न आलेला सात एकविसाव्या खेळालाही दहात एक याच हिशेबाने येतो, कालच आलेला चारही तसाच. पुढचे चोवीस खेळ तो न येण्याची शक्यता किती? 0.9 चोवीस वेळा घेऊन गुणाकार करा. उत्तर सुमारे 0.08, म्हणजे साडेबारा वेळात एकदा. हा काही देवाचा कोप नव्हता. आम्ही असेच खेळत राहिलो असतो तर आज ना उद्या हे व्हायचेच होते. मामांचे नशीब वाईट नव्हते, माझा नियम वाईट होता.

ही समजूत आपल्या गिरणगावचीच आहे असे समजू नका. 18 ऑगस्ट 1913 रोजी माँटे कार्लोच्या कॅसिनोत रूलेटची गोळी सलग 26 वेळा काळ्यावर पडली. लोक लाल 'येणे' आहे म्हणून लालवर रकमा वाढवत गेले आणि धुऊन निघाले. त्यांच्यात चौथी शिकलेले फारसे कोणी नसणार.

निवृत्तीनंतर 2011 मध्ये मुलगी-जावयाबरोबर गोव्याला गेलो, तेव्हा मांडवीतल्या एका जहाजावर हे रूलेट प्रत्यक्ष पाहिले. चाकाला 37 खाने. 18 लाल, 18 काळे आणि एक हिरवे शून्य. लाल-काळ्यावर लावलेत तर जिंकल्यावर बरोबरीचे पैसे मिळतात. सगळे चोख दिसते. मालकाचा हिस्सा त्या एका हिरव्या खान्यात असतो: 37 तला एक, शेकडा 2.7. मटक्यापेक्षा पुष्कळ कमी, हे मान्य.

टेबलाशेजारी दिव्यांचा एक उभा फलक होता. त्यावर आधीच्या वीसएक खेळांचे आकडे. एक तरुण ते कागदावर उतरवून घेत होता. मला म्हणाला, "काका, सहा वेळा काळा आला, आता बघा." माझी तीच वही! मी आपला बँकवाला, मला प्रश्न पडला की हे आकडे मालक फुकट का दाखवतो? गिऱ्हाइकाला खरोखर फायदा होईल अशी माहिती कोणी दुकानावर टांगतो का? ती कुचकामी आहे म्हणूनच टांगलेली असते. आणि एक गोष्ट पाहा. 2020 पासून गोवा सरकारने स्थानिक गोवेकरांना कॅसिनोत जायला मनाई केली. घरच्यांना मनाई आणि पाहुण्यांना आमंत्रण, यावरून काय ते समजा.

आता मुलांनी आणलेल्या कागदाकडे येतो. पद्धत जुनीच, तिला मार्टिंगेल म्हणतात. लालवर 100 लावा. हरलात तर 200, मग 400, 800, दुप्पट करत जा. एकदा लाल आला की सगळे वसूल आणि वर 100 नफा. मुलगा म्हणाला, "आजोबा, सलग दहा वेळा कोण हरतो?" आम्ही दोघांनी कॅल्क्युलेटर घेऊन पाहिले. 784 फेऱ्यांत सरासरी एकदा. आता दोन बाजू मांडा. 783 फेऱ्यांत शंभर-शंभर, जमा 78,300. एका फेरीत दहा डाव हरलात, नावे 1,02,300. निव्वळ तोटा 24,000. अकरावा डाव मारायचा तर 1,02,400 लागतील, आणि टेबलावर वरच्या रकमेची मर्यादा लिहिलेली असते. म्हणजे "पैसा कमी पडला" हे मामांचे वाक्य तिथे आधीच लिहून ठेवलेले आहे.

कोणी रक्कम एकेकाने वाढवतो, कोणी मागच्या दोन रकमांची बेरीज लावतो. कशानेही एकूण बाकी बदलत नाही. फक्त तोटा रोज थोडा दिसायचा की पुष्कळ दिवस लपून एकदम दिसायचा, एवढेच बदलते. लपलेला जास्त वाईट, कारण तोवर आपण पेढे वाटलेले असतात.

आणखी एक. शेकडा 2.7 म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण तो तुमच्या खिशातल्या रकमेवर नसतो, उलाढालीवर असतो. 2000 रुपये घेऊन बसलात, तासाला 40 डाव, चार तास, दर डावाला 100. उलाढाल झाली 16,000. त्याचे 2.7 टक्के 432 रुपये. म्हणजे एका संध्याकाळी भांडवलाचा पाचवा हिस्सा. इतके व्याज कोणत्या बँकेने लावले तर तुम्ही मोर्चा काढाल!

आपल्या राज्यात 1976 साली कॅसिनोचा कायदा झाला, तो कधी अमलात आला नाही आणि 2023 साली रद्द झाला. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगले झाले. पण मटका बेकायदाच होता आणि तरी तो आमच्या खोलीत शिरला. फोन तर तुमच्या उशाशी असतो.

म्हणून शेवटी दोनच गोष्टी. मुलांनो, हरलेला पैसा हे 'येणे' नव्हे. ते खाते बंद झाले. ते वसूल करायला पुन्हा बसू नका. आणि कोणी अडकला असेल तर आजच घरी सांगा. घरी सांगायचा धीर नसेल तर संध्याकाळी पाच ते सात माझे दार उघडे असते. चहा मिळेल, उपदेश मिळणार नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसू आणि कोणाचे किती देणे आहे ते आधी लिहून काढू. तेवढे मला नक्की जमते.

आणि आईवडिलांना एक विनंती. मूल सांगायला आले तर आधी ऐकून घ्या. मामी मला रागावल्या असत्या, तर कदाचित मी मामांना खरे सांगितले असते.

मामा, गणित चूक होते. पैसे कमी पडले नव्हते.

 मुदत ठेवींवर पुढच्या वर्षी बोलेन.