हंडा कुणाचा आधी?

कामं आवरली नसतील तर हात चालू ठेवा, कान तेवढा इकडे द्या.

आज चवदार तळ्याविषयी बोलायचंय. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसोबत महाडच्या तळ्यावर गेले, ओंजळभर पाणी प्यायले. हे तुम्हाला माहीत आहे. मला सांगायचंय ते त्याआधीच्या वर्षांचं.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत, असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनंही तळं खुलं केलं. पण कागदावर! गुरंढोरं तिथं पाणी पीत होती, या माणसांना मात्र धाकापोटी जाता येत नव्हतं. ठराव करणारी माणसं चांगलीच होती. पण ठरावाला हात वर करणं वेगळं आणि पाणी भरणाऱ्याच्या शेजारी उभं राहणं वेगळं.

लोक पाणी प्यायले, तर हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि त्यांच्यावर काठ्या पडल्या. मग तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेनं आपला ठरावच मागे घेतला. कोर्टातला शेवटचा निकाल लागला १९३७ साली. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे असे काही सवर्ण बाबासाहेबांसोबत उभे राहिले. त्यांची नावं आपण घेतो. पण दाराआड गप्प बसले, त्यांची मोजदाद कुणी केली?

मी करते, माझ्यापासून.

मी पोलादपूर तालुक्यातली. आमच्या बचत गटात मराठवाडीच्याही बाया आहेत, बौद्धवाडीच्याही. “आमच्या गटात जातपात नाही,” असं मी बैठकीत अभिमानानं सांगायची. मे महिन्यात टँकर यायचा आणि आमच्या वाडीतल्या विहिरीत पाणी सोडायचा. आमचे हंडे भरेपर्यंत बौद्धवाडीच्या बाया बाजूला उभ्या. एकदा आमच्याच गटातली एक बाई दोन हंडे घेऊन ताटकळत होती. तिची पाळी आली तेव्हा खाली गाळ उरला होता. तिनं माझ्याकडे बघितलं. मी कळशी काखेला मारली आणि घरी आले.

पुढच्या बैठकीला तिनं हप्ता वेळेवर भरला. ती काही बोलली नाही. मीही नाही. मी कुणाला अडवलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. पण माझ्या घरातलं पाणी तिच्या वाट्याचं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात मी गटात विषय काढला : जी आधी येईल तिचा हंडा आधी. मी माझी कळशी तिच्या मागे ठेवली. भावकीतल्या दोघींनी बोलणं टाकलं, सासूबाई आठवडाभर धुसफुसत होत्या. एवढंच झालं. आभाळ काही कोसळलं नाही. हे उशिरा केलं, याची लाज मात्र आहे.

अस्पृश्यता संविधानाच्या १७ व्या कलमानं बंद केली आहे. पाणवठ्यावर अडवणं गुन्हा आहे. पण कायदाही ठरावासारखाच, कुणीतरी सोबत उभं राहावं लागतं.

तर पुढच्या बैठकीत एवढं बघा : आपली बैठक आजवर कुणाच्या घरी झालीच नाही? कुणाच्या हातचा चहा आपण ‘नको, आत्ताच घेतला’ म्हणून टाळतो? आणि विहिरीवर कुणाचा हंडा मागे राहतो?

उत्तर सापडलं, तर गप्प बसू नका.

येते मी. नमस्कार.