प्रवासाचें यंत्र आणि घरचा पडदा

(नभोवाणीवरील भाषण)



आजचा विषय ऐकून आपणांपैकीं कांहींजणांच्या मनांत येईल कीं, जन्मभर मुलांना व्याकरण शिकविलेल्या मास्तरानें लॅपटॉपसारख्या यंत्राविषयीं काय सांगावें? शंका रास्त आहे. मी या शास्त्रांतला पंडित नव्हे. परंतु मोठी रक्कम खर्चून घेतलेली वस्तु कामास न आली म्हणजे घराला काय सोसावें लागतें, हें मीं जवळून पाहिलें आहे. आणि चूक नेमकी कोठें झाली हें शोधण्याची संवय शिक्षकाला असतेच.

आमच्या सूनबाई डोंबिवलीहून मुंबईस नोकरीसाठीं जातात. आठवड्यांतून दोन दिवस कचेरींत आणि उरलेले दिवस घरीं, असें त्यांचें काम. त्यांचा पहिला लॅपटॉप अडीच किलो वजनाचा होता. चार्जर, डबा आणि पाण्याची बाटली मिळून पाठीवरचें ओझें चार किलोंच्या वर जाई. लोकलच्या गर्दींत तें सांभाळतां सांभाळतां त्यांचा उजवा खांदा दुखूं लागला. घरीं काम करावयाच्या दिवशीं दुखणें निराळें. लॅपटॉप टेबलावर ठेवला कीं त्याचा पडदा छातीच्या पातळीस येतो आणि दिवसभर मान वांकवून बसावें लागतें. डॉक्टरांनीं औषध थोडें दिलें आणि उपदेश अधिक केला: ओझें कमी करा, आणि पडदा डोळ्यांसमोर आणा. तेव्हां ठरलें कीं, हलका लॅपटॉप घ्यावयाचा आणि घरीं त्यास मोठा मॉनिटर जोडावयाचा.

ही युक्ति कांहीं आजची नाहीं. १९८१ सालीं निघालेला ‘ऑस्बोर्न १’ हा उचलून नेण्याजोगा संगणक सुमारें ११ किलो वजनाचा होता आणि त्याचा पडदा अवघा ५ इंचांचा. त्याला बाहेरचा मॉनिटर जोडण्याची सोय तेव्हांही ठेवलेली होती. १९९२ सालीं ॲपलनें ‘पॉवरबुक ड्युओ’ नांवाचा सुमारें १.९ किलोंचा संगणक काढला. मेजावर आल्यावर तो एका पेटींत सरकवावयाचा आणि मोठ्या पडद्यावर काम करावयाचें, अशी योजना होती. आज ती पेटी गेली आणि तिचें काम एका तारेवर आलें. सारी मेख त्या तारेंत आणि ती जेथें खोंचावयाची त्या पोर्टांत आहे. आम्हीं फसलों तें तेथेंच.

दुकानांत आम्हीं एवढेंच विचारलें, “याला मोठा पडदा जोडतां येईल ना?” उत्तर आलें, “यूएसबी-सी आहे, काळजी नको.” यंत्र खरोखरच देखणें होतें, वजन सव्वा किलो. घरीं येऊन मॉनिटर जोडला, तर पडदा काळा. त्याच पोर्टांतून चार्जिंग होई, पेनड्राइव्ह चाले. चित्र मात्र येईना. दुसरी तार आणली, तीहि व्यर्थ. शेजारच्या एचडीएमआय पोर्टांतून चित्र आलें, परंतु तो जुन्या पद्धतीचा. ४के पडद्यावर सेकंदाला तीसच वेळां चित्र बदले आणि माऊसचा बाण हाताच्या मागें रेंगाळे. खोका उघडला असल्यानें दुकानदार यंत्र परत घेईना. तें नातवाच्या अभ्यासास गेलें. आणि पुन्हां पैसे जमेपर्यंत सूनबाईंनीं जुनें ओझें आणखी सहा महिने वाहिलें. विचारावयाचा प्रश्न आम्हांस विचारतां आला नाहीं, त्याचें मोल त्यांच्या खांद्यानें दिलें.

आतां कारण सांगतों. यूएसबी-सी हें त्या पोर्टाच्या आकाराचें नांव आहे, कामाचें नव्हे. मराठींत ‘कर’ हा एकच शब्द हात, सरकारी सारा आणि ‘करणें’ या क्रियापदाची आज्ञा, असे तीन अर्थ दाखवितो. वाक्य पाहिल्याशिवाय अर्थ कळत नाहीं. तसेंच येथें. २०१४ सालीं ठरविलेल्या या आकाराच्या पोर्टांतून विद्युत्, माहिती आणि चित्र हीं तिन्ही जाऊं शकतात. परंतु प्रत्येक निर्मात्यानें तिन्ही दिलींच पाहिजेत असा नियम नाहीं. म्हणून लॅपटॉपच्या माहितीपत्रकांत ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘थंडरबोल्ट’ हे शब्द त्याच पोर्टापुढें लिहिले आहेत कीं नाहींत, हें पाहावें. पोर्टाशेजारीं डी व पी यांची जोडखूण किंवा बाणाच्या टोंकाची विजेची रेघ कोरलेली असते. पण कांहीं निर्माते खूण कोरीतच नाहींत, म्हणून पत्रक वाचणें उत्तम. तारेचेंहि तसेंच. फोन चार्ज करण्याची तार दिसावयास तशीच असली, तरी ती चित्र वाहील असें नाहीं.

दुसरा प्रश्न, पडदे किती? एक कीं दोन, हें आधीं ठरवावें. ॲपलच्याच मॅकबुक एअरचें उदाहरण घ्या. २०२० आणि २०२२ सालच्या, एम१ व एम२ चिपांच्या यंत्रांवर बाहेरचा एकच मॉनिटर सरळ चाले. २०२४ सालच्या एम३ यंत्रावर दोन चालतात, पण झांकण मिटलें असतां; आणि २०२५ सालच्या एम४ यंत्रावर झांकण उघडें ठेवूनहि दोन चालतात. बाहेरून पाहणाऱ्यास यांतला भेद कळणें कठीण.

तिसरी गोष्ट पैशांची. बहुतेक काम मोठ्या पडद्यावर व्हावयाचें असेल, तर लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर फार खर्च करण्यांत अर्थ नाहीं. तेरा-चौदा इंचांचा लॅपटॉप पुरतो आणि तो सव्वा किलोच्या आसपास मिळतो. वांचलेले पैसे मेमरीवर घालावे. हलक्या यंत्रांत मेमरी बहुधा पटलावरच डाग देऊन बसविलेली असते, मागाहून वाढवितां येत नाहीं. म्हणून १६ जीबी आरंभींच घ्यावी. आणि मॉनिटर असा घ्यावा कीं जो त्याच तारेंतून लॅपटॉपला ६५ वॅट विद्युत् देईल. म्हणजे चार्जर कायमचा पिशवींत राहतो, आणि घरीं आल्यावर एकच तार खोंचली कीं पडदा, वीज, कळफलक सारें जोडलें जातें.

मॉनिटर निवडतांना मराठी वाचकानें आणखी एक पाहावें. २७ इंची पडद्यावर १९२० बाय १०८० ठिपके असतील तर इंचास सुमारें ८२ ठिपके पडतात. ३८४० बाय २१६० असतील, म्हणजे ४के असेल, तर सुमारें १६३. इंग्रजी मजकूर पहिल्यावर चालून जातो. पण आपल्या लिपींत ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतला भेद, रफार आणि अनुस्वार बारीक अक्षरांत ओळखावयाचे, तर दाट ठिपकेच पाहिजेत. मुद्रितें तपासतांना हा फरक माझ्या डोळ्यांनीं अनुभवला आहे.

मांडणीविषयीं थोडें. पडदा हातभर अंतरावर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेंत असावी. माझ्यासारखा दुहेरी भिंगांचा चष्मा असेल तर पडदा थोडा खालीं घ्यावा, नाहीं तर मान उलटी वर करावी लागते. झांकण मिटून काम करीत असाल तर यंत्राभोंवतीं हवा खेळूं द्यावी. यंत्र दिवसचे दिवस तारेवर राहणार, तेव्हां बॅटरी ८० टक्क्यांवर थांबविण्याची सोय असल्यास ती चालू करावी. सदा भरलेली व गरम बॅटरी लौकर झिजते. वीज गेल्यास मॉनिटर विझतो, पण लॅपटॉपचें काम शाबूत राहतें, हा मोठाच लाभ.

ज्यांचें यंत्र घराबाहेर कधींच जावयाचें नाहीं, त्यांनीं मात्र लॅपटॉपच्या नादीं लागूं नये. छोटा मेजावरचा संगणक त्यांस त्याच शक्तीचा स्वस्त पडेल. हलकेपणाचे पैसे वाहणाऱ्यानें द्यावे. बसणाऱ्यानें कां द्यावे?

शेवटीं एवढेंच सांगेन. दुकानांत जातांना आपली तार बरोबर न्या, यंत्र तेथल्या मॉनिटरला जोडावयास लावा, आणि चित्र डोळ्यांनीं पाहून मगच पैसे मोजा. दुसऱ्या वेळीं आम्हीं तसेंच केलें. दुकानदार जरा हंसला, पण चित्र आलें. आतां सूनबाई सायंकाळीं घरीं येतात तेव्हां पिशवी खुंटीस अडकवितात आणि खांदा न चोळतां चहा टाकावयास जातात. शिक्षकाला एवढा निकाल पुरेसा आहे.